रुमालाचं दुसरं टोक

ताक्यो दर वर्षी स्वतःच्या हातांनी मंच बांधायचा, आणि त्याच मंचावर दर वर्षी त्याच्या बायकोचं दुसऱ्याशी लग्न लागायचं.

आमच्या सान गास्पार गावच्या जत्रेतलं नाटक तीन दिवस चालायचं. एकीकडे ख्रिस्ती राजे, दुसरीकडे मुसलमान मोरो. तलवारबाजी, बँडच्या तालावर चालणारी सैन्यं, शेवटी मोरोंचा पराभव आणि बाप्तिस्मा, आणि मोरो राजकन्येचं ख्रिस्ती राजपुत्राशी लग्न. दुसरा शेवट स्पेनच्या ताब्यातल्या आमच्या बेटांवर कुणी पाहिलाच नव्हता. मी विदूषक होतो. विदूषकाला दोन्ही छावण्यांत मोकळीक असते, म्हणून मला सगळं जवळून दिसलं.

भूमिका वाटायचे आमचे पाद्रे, म्हणजे धर्मगुरू, फ्राय मेलितोन. स्पेनहून आलेला हा संन्यासी गावच्या कर, लग्न, मर्तिक अशा प्रत्येक गोष्टीत होता, मग नाटकात का नसावा? गोरे, नाकेले, घरात पियानो असलेले ते ख्रिस्ती; त्यांना निळे पोशाख. काळे, हाताला घट्टे पडलेले ते मोरो, त्यांना लाल. ताक्यो बांबूकाम करणारा, रंगाने डांबर. तो पंधराव्या वर्षी मोरो झाला आणि मोरोच राहिला. साखरेच्या घाण्याचा मालक सेलेरिनो पहिल्या दिवसापासून राजपुत्र. राजकन्या मात्र ताक्योची बायको सेबिया. ती चर्चसमोर तांदळाचे गरम केक विकायची. पण ती श्लोक म्हणायला लागली की केक घ्यायला आलेली माणसं केक विसरायची. घरंदाज मुलींना मंचावर बंदी, त्यामुळे पाद्रेंचाही इलाज नव्हता.

पाद्रेंचा एक नियम होता: मंचावर बाईमाणसाला पुरुषाचा स्पर्श नको. म्हणून लग्नाच्या प्रवेशात राजकन्या रुमालाचं एक टोक धरायची आणि राजपुत्र दुसरं. रुमालावरचं भरतकाम राजकन्येनेच करायचं, अशी रीत. अननसाच्या धाग्याचं झिरझिरीत कापड घेऊन सेबिया महिनाभर खिडकीत बसायची. जत्रा संपली की तो रुमाल सेलेरिनोकडेच राहायचा, आणि वर्षभर दर रविवारी तो मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, खिशातून त्याचं टोक बाहेर ठेवून यायचा.

त्या टोकाने ताक्योचं आयुष्य पोखरलं. मिसेमध्ये सगळे वेदीकडे बघत, हा सेलेरिनोच्या खिशाकडे. घरी सेबियाने सुईत दोरा ओवला की याला घास गोड लागेना. एकदा माझ्यासमोर तो तिला म्हणाला, "माझ्या सदऱ्याला दोन वर्षं बटण नाही, आणि त्याच्या रुमालाला मोगऱ्याची वेल?"

"बटण मागितलंस कधी?"

"वेल त्याने मागितली होती का?"

सेबिया हसली. "अरे, मला तो सेलेरिनो नको. त्याच्या तोंडाला लसणाचा वास येतो. मला ते शेवटचे बारा श्लोक हवेत. लग्न त्याच्याशी लावलं की ते मिळतात. तुझ्याशी लावलं तर काय मिळेल, मोरोंची एक आरोळी?"

ताक्योच्या डोक्यात यातलं एकच राहिलं: त्याच्या तोंडाचा वास हिला कसा कळला? रुमाल एवढासाच असतो, टोकं धरली की तोंडं जवळ येणारच, हे मी सांगून पाहिलं. मग तर तो जास्तच पेटला.

त्या वर्षी मंच बांधताना तो बोलेनासा झाला. आदल्या वर्षी एक मोरो लढाईत हरून पडायला उशीर करत होता, तर पाद्रेंच्या एका शब्दावर त्याला सरकारी वेठीवर डोंगरात लाकूडतोडीला धाडलं होतं. परतला तो हाडांचा सापळा होऊन. हे ताक्योला ठाऊक होतं. तरी तिसऱ्या दिवशी, शेवटच्या द्वंद्वात, तो पडला नाही.

बँडने लढाईचा ताल धरला होता. ठरलेल्या ठिकाणी सेलेरिनोने वार केला, ताक्योने तो अडवला. पुन्हा केला, पुन्हा अडवला. सेलेरिनो हळूच म्हणाला, "पड ना, बाबा." ताक्योने त्याची लाकडी तलवार उडवली आणि राजपुत्र पार्श्वभागावर बसला. खाली बसलेली, मोरो झालेल्यांची पोरं ओरडली, मग घाबरून गप्प झाली. बँड थांबला. पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून पाद्रे उठले, त्यांच्यामागे बंदूक घेतलेला शिपाई. ताक्यो मंचाच्या मधोमध उभा होता आणि पुढे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने फक्त जिंकायचं ठरवलं होतं.

माझं काम हसवण्याचं. मी दोन पावलं मागे सरकलो.

सेबिया पुढे आली. पाद्रेंसमोर गुडघे टेकले आणि त्याच जुन्या चालीत, कुठल्याच पोथीत नसलेला श्लोक म्हणाली:

"हरलेला मागतो पाणी, त्यात नवल ते काय?
जिंकून जो मान झुकवी, त्याचे धरावे पाय.
तलवार याच्या हाती, तरी मागतो हा क्रूस;
बाबा, याला पाणी द्या, मग मला द्या हा माणूस."

आणि मागे न वळता ताक्योला म्हणाली, "गुडघे टेक, मेल्या." तेवढं मला ऐकू आलं. त्याने टेकले.

पाद्रेंनी आधी शिपायाकडे पाहिलं, मग गुडघे टेकलेल्या ताक्योकडे. मग त्यांच्या लक्षात आलं की हा तर धर्माचा दुप्पट विजय आहे: जिंकलेला मोरोच बाप्तिस्म्याचं पाणी मागतो आहे. त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला, बँड वाजला, आणि रुमालाचं दुसरं टोक ताक्योच्या हातात आलं. रविवारी पाद्रेंनी यावर प्रवचन दिलं, जणू कल्पना त्यांचीच. नाटक यापुढे असंच व्हायचं, असं फर्मान निघालं.

त्या वर्षी ताक्यो मिसेला खिशातून रुमालाचं टोक काढून जायचा. सदऱ्याला बटण अजूनही नव्हतं.

पुढच्या जत्रेआधी पाद्रेंची लाल पेन्सिल पोथीवरून फिरली. शेवटचे बारा श्लोक गेले. नव्या ख्रिस्ती माणसाला प्रेमाचे श्लोक शोभत नाहीत, त्याला आधी बायबलातल्या दहा आज्ञा यायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून राजकन्या एकेक आज्ञा सांगणार आणि नवरा ती परत म्हणणार. लोकांनी जांभया दिल्या. नवव्या आज्ञेला, शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ धरू नये, ताक्योची नजर सेलेरिनोवर गेली आणि तो दहावी विसरला. लोक तेवढ्यालाच हसले.

सेबिया रागावली नाही. तेच वाईट होतं. त्या वर्षी ती तळ्यावर कपडे धुताना ते बारा श्लोक ओठांतल्या ओठांत म्हणायची, एकही शब्द न गाळता, आणि कुणी आलं की थांबायची. ताक्यो बांबू भिजवायला तिथेच जायचा. तो दिसला की ती थांबायची. हे मला नंतर त्याच्याकडूनच कळलं.

एके दिवशी तो मला बरोबर घेऊन मठात गेला. त्याने पाद्रेंच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "पाद्रे, मला पुन्हा हरू द्या. लग्न सेलेरिनोशीच लावा. जुन्या श्लोकांसकट."

पाद्रेंनी भुवया उंचावल्या. "स्वतःची बायको दुसऱ्याला देतोस?"

"नाटकात, पाद्रे."

"आणि मी घातलेल्या आज्ञा?"

"त्या चांगल्याच आहेत. पण नववी आली की माझ्या मनात पाचवी मोडायचं येतं." पाचवी म्हणजे खून करू नये. "रोज तालमीला हे पाप. कबुलीला किती वेळा येऊ?"

पाद्रे हसले. पण त्यांचं हसू कधी फुकट नसे. चर्चच्या घंटाघराला डागडुजीसाठी बांबूची परांची हवी होती. ती ताक्योने पूर्ण उन्हाळा खपून बांधून द्यायची, मजुरी देवाकडून. तो हो म्हणाला. बाहेर आल्यावर मी त्याला मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, "तू तिला तळ्यावर पाहिलं नाहीस."

सेबियाला त्याने सांगितलं की पाद्रेंचं मन आपोआप बदललं. रात्री त्याच्या सदऱ्याला बटण लागलं.

आता पाद्रे गेले, स्पेनचा झेंडा गेला, अमेरिकन आले, तंबूत हलती चित्रं दाखवतात आणि आमच्या लाकडी तलवारींनी कुणीतरी चूल पेटवली. पण डोळे मिटले की मला तो प्रवेश दिसतो. सेबिया रुमालाचं एक टोक धरून बारा श्लोक म्हणते आहे, दुसरं टोक सेलेरिनोच्या हातात, आणि मंचाच्या कडेला, पराभूत मोरोंच्या रांगेत, ताक्यो गुडघ्यांवर बसून दात खातो आहे. मत्सर त्याचा कधी गेला नाही. मरेपर्यंत सेलेरिनोच्या घाण्याची साखर त्याने घरात येऊ दिली नाही. पण बाराव्या श्लोकाला सेबियाचा आवाज चढला की तो दात खायचं विसरायचा.

मग टाळ्या पडायच्या आणि त्याला पुन्हा आठवायचं.