जमिनीपासून दोन फुटांवर

पेंटरकाका भिंतीवर लिहायचे ते जमिनीपासून दोन फुटांवर. बाकी सगळे रंगारी शिडी लावत. हे पोतं अंथरून खाली बसत. रेल्वेत सगळी नोकरी पाट्या रंगवण्यात गेली होती, अक्षर टपोरं. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं त्या वर्षांत नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचं काम शहरभर होतं. ते सोडून काकांनी मनाच्या आजारांच्या प्रचाराच्या भिंती घेतल्या. "नींद नहीं आती? मन नहीं लगता? मंगलवार, सरकारी अस्पताल, कमरा नंबर सात." एवढाच मजकूर.

"इतकं खाली काहून लिहिता?" असं मी एकदा विचारलं.

"ज्याले हे वाचाचं आहे, तो मान वर करून चालत नाही, बाबू."

पण वरून तपासणीला येणाऱ्या साहेबांना फोटोत मजकूर डोक्याच्या वर हवा असे, म्हणजे खाली त्यांना उभं राहता येई. त्यामुळे काका प्रत्येक भिंतीवर दोनदा लिहीत. "वरचं साहेबाच्या फोटोसाठी, खालचं कामाचं." खालच्या अक्षरांवर चिखल उडे, गाई अंग घासत. म्हणून दर शुक्रवारी ते बादली आणि फडकं घेऊन आमच्या गुढियारी वस्तीतल्या अकराच्या अकरा भिंती पुसत फिरत.

आमची भिंत बावीस फुटांची, गल्लीत सगळ्यात लांब. काका ती मागायला आले तेव्हा मी नाही म्हणालो.

"काहून? भिंत खराब होईल?"

"लोक विचारतील, याच घरावर कशाला लिहिलं म्हणून."

"बरं," म्हणाले आणि पोतं गुंडाळलं.

घरात माझा धाकटा भाऊ विजू होता. एकोणीस दिवस तो कामावर गेला नव्हता. अर्धी पोळी खायचा, बोलायचा नाही. संध्याकाळी रेल्वेलाइनीच्या बाजूला फिरायला जायचा. जाऊन येऊन पस्तीस मिनिटं. ती पस्तीस मिनिटं मी दारात घड्याळ बघत उभा असे. बायको म्हणे, "मागून जा ना." मी गेलो नाही. गल्लीने बघितलं असतं. माझी मुलगी लग्नाची होती.

चार दिवसांनी समोरच्या पुलियाच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर अक्षरं दिसली. कठडा बुटका, वर लिहायला जागाच नाही, म्हणजे त्याचा फोटो निघणार नव्हता आणि तो सरकारी यादीतही नव्हता. फिरून आला की विजू त्याच्यासमोरच्या दगडावर थोडा वेळ बसायचा. हे काकांनी कधी पाहून ठेवलं, कोण जाणे.

एका शुक्रवारी पस्तीस मिनिटं झाली, चाळीस झाली. पन्नासाव्या मिनिटाला मी चपला न घालता निघालो. विजू पुलियापाशीच होता. हातात बादली धरून उभा होता आणि काका कठडा पुसत होते.

"काका, सात नंबरमध्ये नाव सांगा लागते का?" विजू विचारत होता. कित्येक दिवसांत मी ऐकलेलं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"लागते. मायं लिहिलं आहे तिथं, तुयंही लिहितील. त्यात काय आहे?" फडकं पिळत काका म्हणाले.

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. दवाखान्याच्या बाकावर मी काकांना तीनदा विचारलं, किती दिवस लागतील. "बाबू, हे काय पगारपत्रक आहे, दिवस मोजाले?" ते म्हणाले. "अन् तू बी नीट बस जरा. पाय हलवून राहिला केव्हाचा."

विजू चार महिन्यांनी कामावर गेला. वाईट दिवस अजून येतात. गोळ्या चालू आहेत.

काका पुढे मुलीकडे गोंदियाला गेले आणि दोन वर्षांनी तिथंच वारले. ते गोंदियाला निघण्याआधी मी त्यांना बोलावून भिंत दिली. त्यांनी पोतं अंथरलं, विताने मोजून दोन फुटांवर रेघ मारली. वरची जागा कोरी ठेवली.

"वर नाही लिहीत?"

"आता फोटो कोन काढून राहिलं?"

शुक्रवारी ती भिंत मी पुसतो. उकिडवं बसावं लागतं, गुडघे दुखतात. विजू फिरायला गेला की अजूनही घड्याळ बघतो आणि पस्तीसच्या वर गेलं की बाहेर येतो. परवा तसाच आलो. विजू वळणावरून येताना दिसला. भिंतीसमोर मात्र एक अनोळखी माणूस मान खाली घालून उभा होता. पूर्वी मी विचारलं असतं, कोण पाहिजे म्हणून. मी आत आलो, दार हळूच लोटलं आणि त्याचं वाचून होऊ दिलं.