बत्तीस मीटरवाले काका

“विचारल्याशिवाय बोलायचं नाही,” असं म्हणत काका स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या खिशाला अडकवायचे. नव्या माणसाला त्यांचा हा पहिला धडा. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात तापमान आणि दाब मोजणारे बत्तीस मीटर होते, सगळे एकाच वायरीवर. “कॉम्प्युटर नंबराने हाक मारतो, साहेब. ज्याचा नंबर, त्याने आपला आकडा सांगायचा नि गप्प बसायचं.”

मी नवा साहेब. हुशारी दाखवायला एक मीटर बदलला आणि आधीच दुसऱ्याकडे असलेला बारा नंबर त्याला देऊन बसलो. पडद्यावर बारासमोर नुसत्या रेघा. दुपारभर घाम गाळला. काकांनी येऊन एकाची वायर काढली, आकडा हजर! “दोघं एकदम बोलत होते. आमच्या कोपरच्या सोसायटीची मीटिंग करून ठेवलेलीत तुम्ही.”

मीटर नुसता आकडा पाठवायचा, टिंब नाही. १४२.५ अंशांचे १४२५ यायचे. कॉम्प्युटर बिघडून नव्याने सुरू केला की प्रत्येकाचं टिंब पुन्हा द्यावं लागे, आणि कोणाचं कुठे, हे फक्त काकांना पाठ. “काकांशिवाय पान हलत नाही,” असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, आणि तुम्हीही हेच म्हणत असाल.

साठी उलटली तरी दर वर्षी त्यांना मुदतवाढ मिळे. राजापूरजवळ गावी थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला. काका रजेवर निघाले की आमचा फोन ठरलेला. एकदा तर ते चिपळूणहूनच परत फिरले. आम्ही स्टेशनवर गाडी पाठवली, चहा पाजला. मुदतवाढीच्या कागदावर सही माझी असायची. काका कागद घडी करून खिशात ठेवायचे. मला वाटायचं, खूश आहेत.

गेल्या वर्षी भाऊ गेला. तेव्हाही काका कारखान्यातच होते.

तेरावं आटोपून आले, तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर एक वही ठेवली. बत्तीस नंबर, बत्तीस टिंबं, सगळं सुवाच्य अक्षरात.

“दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली.”

“मग तेव्हाच द्यायचीत ना, काका! मी सोडलं असतं तुम्हाला.”

“दादा रोज फोनवर विचारायचा, कधी येतोस. तुम्ही कधी विचारलंच नाहीत, जायचंय का म्हणून.”

मला मान वर करवेना. अजूनही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

आता काका गावी असतात. वही चोख आहे. त्यानंतर कामासाठी त्यांना एकदाही फोन करावा लागला नाही. कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर एकेका मीटरला विचारत असतो आणि मी समोर बसलेला असतो. काकांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. कसे आहात, एवढंच विचारायचंय. अजून धीर होत नाही.