‘बेस्ट’ऐवजी सहा शब्द

जत तालुक्यातल्या आमच्या शाळेत पोरांचा इंग्रजीतल्या एकाच शब्दावर जीव होता, बेस्ट. भाकरी बेस्ट, मेंढी बेस्ट, सुट्टी तर बेस्टच. निबंधात तो तिसऱ्यांदा दिसला की माझं डोकं फिरायचं. समासात लाल पेनानं मी लिहायची, ‘कशात? कुणापेक्षा?’ सांगता येत नसेल तर खोडा.

म्हणून विज्ञानाचे सर याच शब्दाची अडचण घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मला बरंच वाटलं. चौदा वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये एकाच बाकावर डबा खात होतो. त्यांच्या घरची शेंगदाण्याची चटणी मी हक्कानं मागून घ्यायची. पुण्याच्या एका संस्थेचा शिक्षक पुरस्कार निघाला होता. अर्ज इंग्रजीत, आणि तोही ज्याचा त्यानं भरायचा. आपली आरती आपणच ओवाळायची आणि तिला प्रस्ताव म्हणायचं. तरी मलाही तो भरायचा होता. पण एका शाळेतून एकच अर्ज जाणार होता.

“मॅडम, औंदा मला जाऊ द्या,” सर म्हणाले. “फुडल्या वर्षी तुमचा मी सोता लिवतो.”

मी विश्वास ठेवला. ‘बेस्ट’ऐवजी सहा शब्द काढून दिले, कुठला कुठे शोभतो तेही समजावलं. फायनेस्ट कामाच्या दर्जाला लावा, फोरमोस्ट त्या कामात सगळ्यांच्या पुढे असलेल्या माणसाला. अनरायव्हल्ड मात्र जपून, कारण आपल्या तोडीचं दुसरं कुणीच नाही असा तो दावा असतो. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करून दिलं. प्रत्यक्ष काय काम केलं तेवढी जागा मोकळी सोडली. ती त्यांनी भरायची होती.

पुरस्कार त्यांना मिळाला. शाळेच्या मैदानात मांडव घालून गावानं सत्कार ठेवला. मानपत्र वाचणाऱ्या गुरुजींचा घसा बसला, म्हणून मुख्याध्यापकांनी ऐनवेळी मला माईकपाशी बोलावलं. मजकूर अर्जावरूनच उतरवलेला होता. माझीच वाक्यं मराठीत आलेली पाहून मला हसू येत होतं. मग ती भरलेली जागा आली. ‘पाण्यापायी शाळा बुडणाऱ्या मुलांसाठी टँकरच्या रांगेत वर्ग भरवणारे एकमेवाद्वितीय शिक्षक.’

तो वर्ग माझा होता. चार उन्हाळे घागरींच्या रांगेशेजारी बसून मी त्या पोरांना वाचायला शिकवलं. रांग हलली की पोरं घागर पुढे सरकवायची आणि तिथंच पुन्हा पुस्तक उघडायची. सर एकदाही आले नाहीत, ऊन बाधतं म्हणायचे. शब्द मागितले असते तर आणखी साठ दिले असते. ह्या माणसानं माझे उन्हाळे नेले. केसानं गळा कापला माझा.

मी थांबले. सर गळ्यातल्या हाराची फुलं चाचपत होते, वर बघेनात. माईक माझ्या हातात होता, सगळं गाव समोर होतं आणि मला भीड पडली. चौदा वर्षांची भीड.

समोरच टँकरच्या रांगेतल्या त्या वर्गातली एक मुलगी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. तिनं वर्गात करायची तसा हात वर केला. ती काय विचारणार ते मला ठाऊक होतं. मी डोळ्यांनीच तिला हात खाली घ्यायला लावला आणि पुढची ओळ वाचली.