थुंकण्याची नोकरी

सत्तरच्या दशकात मी कलकत्त्याच्या एका कंपनीत चहा चाखायच्या नोकरीला होतो. नागपुरात सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी ही गोष्ट चोरीसारखी लपवली जाई. बाबा संत्र्यांच्या बाजारात अडते होते, चार माणसांत ऊठबस. "पोरगा काय करते?" असं कोणी विचारलं की "कंपनीत साहेब आहे" म्हणून ते विषय आटपायचे. दिवसभर चहा तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा, याला ते नोकरी मानतच नव्हते. मला राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं.

म्हणून एका डिसेंबरात सुटीवर येताना मी तयारीनिशी आलो. सोबत पांढऱ्या चहाची पुडी. नुसत्या कोवळ्या कळ्या, अंगावर पांढरी लव. त्यांना मी स्वतः संत्र्याच्या सालीचा वास लावला होता. यात, खरं सांगतो, लबाडी होती. बाबांना त्यांच्याच मालानं चीत करायचं होतं.

आईला म्हटलं, उकळी मोडली की मगच पाणी ओत, दूध नको, साखर नको, आलं तर नकोच नको. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. शेजारचे काका पेपर मागायला आले होते, ते बसलेच. कपात डोकावून म्हणाले, "वहिनी, पत्ती टाकाची राहून गेली वाटते."

मी दुर्लक्ष केलं. चमचाभर चहा कंपनीत ओढतो तसा सुर्रकन ओढला. आमच्या घरी असा आवाज केला की पाठीत धपाटा बसायचा. मग तो तोंडात घोळवला आणि बादलीत पचकन थुंकलो. आईनं डोळे मिटले.

"घरात थुकून राहिला?" बाबा म्हणाले. "अन् याचा पगार भेटते तुले?"

"एकदा घेऊन तर पाहा. काय लागतं ते सांगा." माझा आवाज चढला होता.

बाबांनी कप नाकाशी नेला आणि ते तिथेच थांबले. मग त्यांनीही ओढला, माझ्यापेक्षा मोठ्यानं. काकांनी पेपर खाली ठेवला.

"संत्रं नागपूरचंच आहे. आंबिया बहाराचं. पण साल उन्हात वाळवली तू. सावलीत वाळवाची राह्यते. म्हणून मागून कडू मारते."

मी गार. त्या कडूपणाचं खापर मी इतके दिवस कलकत्त्याच्या पाण्यावर फोडत होतो.

आता ते मला फाडून खाणार, असं वाटलं. पण ते कपाकडे बघत राहिले. "मले सालीचं समजलं. चहाचं काईच नाही समजलं. तुले काय समजलं?"

मी सांगत गेलो. कळ्या पहिल्या तोडणीच्या, खुडताना पाऊस लागलेला, वाळायला उशीर झालेला. माझ्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बाजारात घेऊन गेले. सगळे अडते जमलेले. बाबांनी ढिगातलं एक संत्रं सोलून फोड माझ्या हातात दिली. "हा माझा पोरगा. कलकत्त्याले चहा चाखाची नोकरी करते. चाख अन् सांग, कुठचं?"

मी फोड चावली, चोथा थुंकला आणि ठोकून दिलं, "काटोल."

"कळमेश्वर," तीन-चार जण एकदम म्हणाले आणि खो खो हसत सुटले.

बाबा उसळले. "काहून हसून राहिले गा? थुकला कसा, पाह्यलं? असं थुकणं शिकाले वर्षं लागते!"