गुंडप्पा कंपाउंडरने स्वर्गाबाहेर ठेवलेली माणसं

आमच्या लातूरच्या मंडळीतले कोण कोण स्वर्गात जाणार, हे एका देवालाच ठाऊक. कोण जाणार नाहीत, हे मात्र गुंडप्पा कंपाउंडरला ठाऊक असायचं, आणि तो ते चर्चच्या दारातच सांगून टाकायचा.

गुंडप्पा याकोब म्हणजे दवाखान्यात तीस वर्षं औषधं कालवून रिटायर झालेला माणूस. उंच, वाळका, मे महिन्यातसुद्धा शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावलेलं. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बाकं पुसायचा, गीतांची पुस्तकं मांडायचा आणि मग दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याची तपासणी करायचा. नाडी न धरता निदान. जो दुसरं गीत सुरू झाल्यावर येतो, तो जाणार नाही. जो प्रार्थनेत घोरतो, तो जाणार नाही. केवळाबाईने घरामागचा गोठा पाडून ट्युशनच्या पोरांसाठी पाच खोल्या काढल्या होत्या. उपदेश चालू असताना तिचे ओठ हलायचे. गुंडप्पाच्या मते ती प्रार्थना नव्हती, सहाव्या खोलीचा नकाशा होता. सबब केवळाबाई बाहेर.

मला तो एकदा म्हणाला, "मास्तर, तुमचं बाकी समदं पास व्हईल. जिभेत नापास."

निदान चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही हे वाचताय, हाच पुरावा.

तेव्हा लातुरात क्लासेसचा सुकाळ होता. भूकंपाला बारा-तेरा वर्षं झाली होती; पडलेल्या भागातून आणि न पडलेल्या भागातूनही पोरं डॉक्टर व्हायला इथे येत होती. त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया, आज्या, आजोबा भाड्याच्या खोलीत भाकऱ्या थापायला येत. आणि क्लासवाल्यांनी काय केलं, तर नेमकी रविवारी सकाळी नऊला टेस्ट ठेवली. आमची उपासनाही नऊलाच. झालं, तरुण बाकं रिकामी. पाळकसाहेबांनी सुचवलं की आपणच साडेसातला भरूया. गुंडप्पा उसळला. देवाने वेळ बदलायची आणि केमिस्ट्रीच्या सरांनी नाही, हा कुठला न्याय? स्वर्गाच्या फाटकावर फिजिक्सचे मार्क विचारणार आहेत का? अशा रीतीने अकरावी-बारावीची अख्खी पिढी त्याने एका वाक्यात बाहेर काढली.

एवढं असूनही माणूस मंडळीला हवा होता, कारण महिन्याच्या पहिल्या रविवारचं प्रभुभोजन त्याच्यावाचून अडायचं. आमच्यात द्राक्षारस विकत आणत नाहीत. काळे मनुके भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून रस करतात. गुंडप्पा तो दवाखान्याच्या मापाच्या ग्लासने मोजून करायचा, छोट्या छोट्या कपांत भरायचा, तबक मेजावर ठेवायचा आणि मागच्या खोलीत निघून जायचा. लोक कठड्याशी गुडघे टेकून प्यायचे, रिकामे कप मागे जायचे, तो धुऊन पालथे घालायचा. स्वतःचा कप तो आतच घेत असेल, असं सगळे धरून चालले होते.

मी एकदा पाणी प्यायला म्हणून मागे गेलो. (पाणी पुढेही होतं, ते असो.) पाहतो तर गुंडप्पा उरलेला एक भरलेला कप जास्वंदीच्या बुडाशी ओततोय.

माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ज्याच्या मनात गाठ हाय, त्यानं ह्याला तोंड लावू नये. मी लावत न्हाई. भूकंपापास्नं न्हाई."

म्हणजे बाहेर ठेवलेल्यांच्या यादीत पहिलं नाव त्याने स्वतःचंच घातलं होतं. आणि मंडळीतल्या कुणालाही खोटं वाटेल, पण ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तीन वर्षं. माझ्या आयुष्यातला विक्रम आहे तो.

गाठ कसली, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. गुंडप्पाचा थोरला भाऊ शिवमूर्ती किल्लारीच्या पलीकडच्या एका खेड्यात शेती करायचा. म्हातारी आई त्याच्यापाशी. दगडमातीचं घर. भूकंप झाला तेव्हा शिवमूर्ती शेतात झोपला होता, आई घरात होती. तिला मातीआड करताना गुंडप्पा चारचौघांत भावाला म्हणाला, "मी तिला लातूरला न्यायला निरोप धाडला व्हता. तू आडवून ठेवलीस." शिवमूर्तीने वाकून मूठभर माती टाकली. त्या दिवसापासून दोघांत अबोला. पुढे गाव नव्या जागेला वसलं, नंबर घातलेली घरं मिळाली, शिवमूर्तीची नातवंडं मोठी झाली. गुंडप्पाने त्या घराचा नंबरसुद्धा विचारला नाही.

आणि मग २००६च्या जूनमध्ये शिवमूर्तीच लातुरात येऊन बसला. त्याची नात सलोमी हिला अकरावीला क्लास लावला होता. सून शेतात, बायको वारलेली, तेव्हा स्वयंपाकाला आजोबा. त्याने खोली घेतली ती नेमकी केवळाबाईची. पहिल्या रविवारी नातीला टेस्टला सोडून म्हातारा सरळ चर्चला आला. दारात गुंडप्पा. शिवमूर्ती "सलाम" म्हणाला. गुंडप्पाने बाकावरची नसलेली धूळ पुसली.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. ओळीओळीने लोक कठड्याशी गेले. शिवमूर्ती जागचा हलला नाही. पाळकसाहेबांना वाटलं, नवा माणूस आहे, संकोचला असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, तर म्हातारा शांतपणे म्हणाला, की माझा भाऊ मागं कप धुतो आणि घेत नाही, हे मला पहिल्याच दिवशी खिडकीतून दिसलं. तो घेईल त्या दिवशी मी घेईन.

बघा, आम्हाला तेरा वर्षांत जे दिसलं नाही, ते त्याला एका रविवारात दिसलं. म्हणजे, मला सोडून.

पाळकसाहेब तरुण होते, पण बोटचेपे नव्हते. मी गीतांची पुस्तकं आवरतोय असं दाखवत उभा होतो. ते गुंडप्पाला एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही स्वतः बाहेर थांबलात, ते तुमचं आणि प्रभूचं. पण तुमच्यामुळं आता दुसरा माणूस बाहेर बसलाय. हे कुठल्या यादीत घालायचं?"

गुंडप्पाने त्यानंतर तीन रविवार दारात कुणालाही काही सुनावलं नाही. केवळाबाई उशिरा येऊनही सुटली. तिलाच काळजी वाटायला लागली की कंपाउंडरची तब्येत बरी आहे ना.

आमच्या मंडळीत एक जुना रिवाज आहे. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात ज्याचा कुणाशी अबोला असेल, त्याने त्याच्या घरी जाऊन पाणी मागायचं. भांडणाचा विषय काढायचा नाही. समोरच्याने पाणी दिलं, आपण प्यालो, की मिटलं. गुंडप्पाने आजवर निम्म्या मंडळीला असं एकमेकांच्या दारात ढकललं होतं. सप्टेंबर सरता सरता, एका दुपारी, तो स्वतः शिवमूर्तीच्या खोलीशी जाऊन उभा राहिला.

पुढचं मला केवळाबाईकडून कळलं. तिच्या आणि त्या खोलीच्या मध्ये नुसता पत्रा आहे. ती तेव्हा पलीकडे मेथी निवडत होती म्हणे. त्या दिवशी बाजारात मेथी आलीच नव्हती. तिने घातलेलं तिखटमीठ काढून उरलं ते सांगतो.

गुंडप्पाने पाणी मागितलं. शिवमूर्तीने दिलं. गुंडप्पा पेला हातात धरून बसला, पीत काही नाही. आणि मग त्याने रिवाज मोडला, विषय काढला.

"तू आईला आडवलंस म्हनलो मी, मातीच्या दिशी."

"म्हनलास."

"तू आडवली नव्हतीस."

"न्हाई. बुधवारी दुपारपास्नं पिशवी घेऊन फाट्यावर बसली व्हती. तू येनार म्हनून. चार येष्ट्या गेल्या. दिवस बुडाल्यावर मीच घरी आनली."

"मला ठावं हाय," गुंडप्पा म्हणाला. "मी निघालोच न्हाई. गणपतीची मिरवणूक बघत थांबलो. म्हनलो, उद्या जाऊ."

केवळाबाईने हे सांगितलं तेव्हा मला ती मिरवणूक आठवली. भूकंपाच्या आदल्या दिवशीचं विसर्जन. गंजगोलाईतल्या एका कापडाच्या दुकानाच्या गच्चीवर लेझीम बघत, कांद्याची भजी खात गुंडप्पा उभा होता, आणि त्याच्या शेजारी मी होतो. भज्यांचा दुसरा पुडा मीच मागवला होता. त्याला कुठे जायचंय, हे त्याने सांगितलं नाही आणि जगातलं सगळं विचारणाऱ्या मी तेवढं विचारलं नाही.

म्हणजे गाठ भावाच्या अपराधाची नव्हतीच. भावाला सगळं माहीत होतं, याची होती. भावाला क्षमा करायचा प्रश्नच नव्हता. त्याच्याकडून ती घ्यायची होती, आणि तेरा वर्षं तेवढंच जमत नव्हतं.

"मी ते कवाच सोडून दिलं," शिवमूर्ती म्हणाला. "दुसऱ्याच वर्षी."

यावर गुंडप्पा चक्क रागावला. "मला न इचारता?"

"तीन पत्रं धाडली तुला. तिन्ही न फोडता वापस आली."

मग पलीकडून नुसता भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. तेव्हा केवळाबाईने नाइलाजाने पत्र्याच्या फटीला डोळा लावला. गुंडप्पा पाणी पीत होता. निम्मं घशात, निम्मं त्या गळ्याशी लावलेल्या बटणावर. शिवमूर्ती पाठ फिरवून तव्यावरची भाकरी उलटत होता. पलीकडच्याला डोळे पुसायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ भाकरी उलटायला लावणं हे थोरल्या भावालाच जमतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तबक मेजावर ठेवून गुंडप्पा मागे गेला नाही. कप धुवायला मला उभं केलं त्याने, पण मी दारातच रेंगाळलो. एवढं बघायचं सोडून आत कोण जातो? दोघे भाऊ कठड्याशी आले. गुडघे टेकताना दोघांचेही गुडघे वाजले. त्यांच्या शेजारी केवळाबाई. गुंडप्पाने कप उचलला, डोळे मिटले, पिऊन टाकला.

आणि त्याचं तोंड असं झालं, की पाळकसाहेबांच्या हातातलं तबक थांबलं.

"हे असंच लागतं?" त्याने हळूच विचारलं.

"तेरा वर्षं असंच लागतंय, कंपाउंडर," केवळाबाई पुटपुटली. "आम्ही औषध समजून पितो."

"मग सांगितलं का न्हाई कुनी?"

"तुम्ही दारात उभे. कोन सांगनार?"

शिवमूर्तीचे खांदे हलायला लागले. तो रडतोय की हसतोय, हे मला मागून कळेना. मग गुंडप्पाचेही हलायला लागले. पाळकसाहेब आशीर्वाद म्हणून मोकळे झाले, ओळीतले बाकीचे उठून गेले, पुढची ओळ येऊन मागे उभी राहिली. शिवमूर्तीने भावाच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "उठ की आता, लोक खोळंबलेत."

"खोळंबू दे," गुंडप्पा म्हणाला. "जरा बसू दे हितं."