यूपीएसची पाच मिनिटं

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, यूपीएस टूं टूं करू लागला की मी आजही आधी मागे वळून पाहतो. नव्वदीच्या अखेरीस ठाकुर्लीत पिठाच्या गिरणीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर, आत एसी आणि खालून चढणारा गरम पिठाचा वास. ताईचा जीव खाडीकाठच्या एका कोळ्याच्या मुलावर जडलेला, बाबांनी तिच्यासाठी दुसरंच स्थळ पक्कं करत आणलेलं, आणि घरात अबोला. त्या संध्याकाळी क्लासच्या एका सीडीवर आम्हा दोघांना जुनी प्रेमकथा सापडली, अख्खं पुस्तक पडद्यावर. नायिकेने विषाचा पेला उचलला आणि लाइट गेले. यूपीएस कोकलू लागला, म्हणजे बॅटरीची पाचच मिनिटं. "शटडाऊन करा पटापट," सर म्हणाले. "सर, दोनच पानं राहिलीत," म्हणत ताई वाचतच राहिली. तिला न्यायला आलेले बाबा अनवाणी पायांनी मागे उभे राहून तेच वाचत होते, हे आम्हाला कळलंच नाही. पडदा काळा झाला. आज मीही मुलीचा बाप आहे, म्हणून असेल, अंधारातला बाबांचा तो घोगरा आवाज कानातून जात नाही: "अगं, पण मग त्या मुलीच्या बापाने काय केलं?"