उजवा कौल आणि गणिताचा पेपर

१९७४ सालचा मार्च महिना होता. देवापुढे सव्वा रुपया ठेवला तेव्हा देवळात तिघेच हजर होतो: मी, गुरवआप्पा आणि मोगऱ्याची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी. शिरूरहून दौंडला जाणारी एस.टी. वाटेत पंक्चर झाली, म्हणून आम्ही प्रवासी खाली उतरलो होतो. समोर भैरवनाथाचं देऊळ दिसलं, आत गेलो. दुसऱ्या दिवशी दौंडच्या केंद्रावर माझा मॅट्रिकचा गणिताचा पेपर होता.

माझं वय तेव्हा त्रेचाळीस. मी शिरूरला आडतीच्या दुकानात हिशेबाला होतो. पावकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. पोत्यांचा हिशेब कागदाला हात न लावता सांगत असे. पण गावच्या सोसायटीत सचिवाची जागा निघाली, तिला मॅट्रिक लागत होतं. ऑक्टोबरात बाहेरून परीक्षेला बसलो. बाकी विषय सुटले आणि नापास झालो तो नेमका गणितात. उत्तरं तर बरोबर आली होती, मग गुण गेले कुठे, हे कोडं मला सुटत नव्हतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, पोरांच्या बाकड्यात गुडघं मावलं नसतील, त्यात डोकं कसं चालंल?" सोसायटीने जागा जूनपर्यंत थांबवली होती. त्यापुढे थांबणार नव्हती.

मी कौल लावायला सांगितलं. गुरवआप्पांनी देवाच्या शेंदरी तांदळ्यावर, त्या गोल पाषाणावर, पाणी शिंपडलं आणि डाव्या-उजव्या बाजूला एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी हात जोडून मनातल्या मनात विचारलं. बराच वेळ गेला, कळ्या हलल्या नाहीत.

"काय इचारलं, दादा?" म्हातारीने विचारलं.

"देवाला ठाऊक आहे."

"त्येला ठाव हाय. पर कौलाला समदं बोलावं लागतंय. कोण, कुठला, कशापायी आलाय, सुरवातीपासनं सांगा. मधलं गाळून शेवटचं तेवढं मागायचं व्हय?"

"बोला की, हितं कोण हसतंय?" गुरवआप्पा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

लाजत का होईना, मी सगळं बोललो. आडत, सोसायटी, ऑक्टोबर, मेहुण्याचं बोलणंसुद्धा. बोलणं संपतं न संपतं तोच उजवी कळी ओघळली. वारा आला होता का, हे मी मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं, एवढंच सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच उदाहरणाचं उत्तर डोक्यात तयार होतं. ते लिहायला टाक टेकवला आणि म्हातारीचं बोलणं आठवलं. मधलं गाळून. गेल्या वेळी मी नुसती उत्तरंच लिहिली होती. आडतीत रीत विचारतो कोण? मग देवाला सांगितलं तसंच परीक्षकालाही पहिल्यापासून सांगू लागलो. पुढे एका उदाहरणात पायऱ्या मांडता मांडता डोक्यातलं उत्तरच चुकीचं निघालं. ज्या डोक्याच्या भरवशावर इतकी वर्षं काढली, तेही चुकत होतं.

जूनमध्ये पास झालो. देवळात जाऊन म्हातारीची चौकशी केली.

"ती व्हय? माझी आत्या," गुरवआप्पा म्हणाले. "कौलाला येणाऱ्या समद्यांनाच तसं म्हणती."

"मग ते मलाच कसं लागू पडलं?"

"टायर तुमच्या गाडीचा फुटला व्हता न्हवं?"

त्यांनी चेष्टा केली असेल, पण मी अजून त्या बोलण्यापाशीच घुटमळतो. सोसायटीच्या खुर्चीवर बसताना त्या पंक्चरचे आभार मानतो. आता हात जोडले की घाई करत नाही. सुरुवातीपासून सांगतो आणि उत्तर त्याच्यावर सोडतो.

जूनमधल्या त्या दिवशी आत्याबाई पाटी घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्याकडून पाटीभर मोगरा घेऊन भैरवनाथाला वाहिला. त्यांनी नऊ रुपये सांगितले. भाव जास्त होता, आडतीतल्या माणसाला ते कळतंच. मी नऊ रुपये त्यांच्या हातावर ठेवले.